मेडिकलची भीती आणि मेडिकलचा कागद: व्हीलचेअरवरून परदेशी नोकरीला निघालेल्या अभियंत्यास

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे पुढचं उत्तर कशाला आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ३३, घर डिचोलीला, फर्मागुडीच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकल. २०१७ साली रस्त्यावर अपघात झाला, मणक्याला मार बसला आणि कमरेखालची ताकद गेली. १४ महिने उपचारांत गेले. मग परत कामाला लागलात आणि आज कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅकेजिंग मशीनची डिझाइनं करता. व्हीलचेअर वापरता, मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर स्वतः चालवता. पत्नी २९ वर्षांची, औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. दोघांना कॅनडाला जायचं आहे. एजंट सांगतो, ‘फॉर्मात अपंगत्वाचं काही लिहू नका, मेडिकलच्या दिवशी कॅलिपर (पायांना आधाराच्या पट्ट्या) लावून उभे राहा, बाकी मी बघतो.’ ब्रिटनमधल्या स्विंडनचा मावसभाऊ सांगतो, हे सगळं सोड आणि पोर्तुगीज पासपोर्ट काढ. आणि तुमचा मूळ प्रश्न: मला मेडिकलमध्ये नापास करतील का?

पणजीत बसून मी १८ वर्षं स्थलांतराच्या फाइली करते आहे. कॅनडाचा परवाना माझ्याकडे आहे, इतर देशांच्या फाइलींत तिथल्या वकिलांसोबत काम करते. शारीरिक अपंगत्व असलेल्या लोकांच्या फाइली एकूण कामाच्या मानाने कमी येतात. मुख्य कारण असं, की बहुतेक लोक अर्ज करण्याआधीच मागे फिरतात. तुम्ही फिरू नये म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी या भीतीचं मूळ पाहू. गोव्यात ‘मेडिकल’ हा शब्द आपण गल्फकडून आणि जहाजांकडून शिकलो. घराघरांत कोणीतरी कुवेतला गेलेला, कोणीतरी जहाजावर. त्या मेडिकलचा निकाल एका शब्दाचा असतो, फिट किंवा अनफिट. गल्फच्या तपासणीत शारीरिक अपंगत्वावरून अनफिटचा शिक्का बसू शकतो. जहाजावर तर शिडी चढता येणं, आगीत धावता येणं हा कामाचाच भाग. त्यामुळे आपल्याकडे मेडिकल म्हणजे शरीराची परीक्षा असं डोक्यात बसलेलं आहे. कॅनडा तुमच्या शरीराला गुण देत नाही. ‘हा माणूस आमच्या सरकारी आरोग्यसेवेवर किती भार टाकेल?’ एवढंच तो विचारतो, आणि त्याचं उत्तर डॉलरमध्ये मोजतो. चालता येतं की नाही हे त्या हिशेबातलं फार तर एक कलम. हे एकदा नीट ध्यानात आलं की तयारी कशाची करायची ते आपोआप ठरतं.

कॅनडाच्या कायद्यात कलम ३८ आहे. त्यात आरोग्यावरून अर्ज नाकारण्याची तीन कारणं आहेत: सार्वजनिक आरोग्याला धोका, सार्वजनिक सुरक्षेला धोका आणि आरोग्य वा सामाजिक सेवांवर अवाजवी भार. तुमचा संबंध फक्त तिसऱ्याशी. भार अवाजवी कधी धरायचा त्याची खर्चाची मर्यादा पूर्वी कॅनडातल्या माणसावर सरासरी होणाऱ्या खर्चाएवढी होती, त्यामुळे माणसं किरकोळ कारणांवरून अडायची. १ जून २०१८ पासून ती तिप्पट केली. २०२४ साली ती वर्षाला २६,२२० डॉलर होती, म्हणजे पाच वर्षांना १,३१,१०० डॉलर. आकडा दरवर्षी थोडा वर सरकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विशेष शिक्षण, व्यावसायिक पुनर्वसन आणि घरी येणाऱ्या मदतनिसाची सेवा या गोष्टी त्याच बदलात हिशेबातून काढून टाकल्या. त्याआधी २००५ साली हिलेविट्झ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं होतं की अधिकाऱ्याने रोगाचं नाव पाहून निर्णय घ्यायचा नाही, समोरच्या कुटुंबाची खरी परिस्थिती, खर्च उचलायची तयारी आणि ऐपत पाहायची.

आता तुमचा हिशेब. कमरेखालचा पक्षाघात, हात पूर्ण चांगले, नोकरी चालू. अशा माणसाचा सरकारी खर्च कुठे होतो? मूत्ररोगतज्ज्ञाच्या भेटी, वर्षाला किडनीची सोनोग्राफी, रक्ततपासण्या, अधूनमधून लघवीचा संसर्ग आणि त्याची औषधं, कधीतरी एखादी भरती. माझ्या हातून गेलेल्या अशा फाइलींत हा आकडा मर्यादेच्या बऱ्याच खाली राहिला आहे. आकडा वर नेतात त्या गोष्टी वेगळ्या: डायलिसिस, फार महागडी कायमची औषधं, श्वासाला यंत्र, पुन्हा पुन्हा लागणाऱ्या शस्त्रक्रिया. म्हणून तुमच्या बाबतीत पायांपेक्षा मला किडनीची जास्त काळजी. किडनीचं काम दाखवणारं तुमचं क्रिएटिनिन किती आहे, सोनोग्राफीत किडनीला सूज आहे का, बसून बसून झालेली जखम आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. या तिन्हींची उत्तरं चांगली असतील तर माझं मत ठाम आहे, की तुम्हाला अपंगत्वावरून घाबरायचं कारण नाही. किडनी खालावलेली असेल तर आधी मूत्ररोगतज्ज्ञाचं मत घ्यायचं. नितंबावरची खोल जखम उघडी असेल तर ती भरेपर्यंत मेडिकलला जायचं नाही.

पण खरं पाणी कुठे मुरतं ते सांगते. पेडण्याच्या एका मुलाची फाइल होती. सॉफ्टवेअर टेस्टर, तुमच्यासारखीच दुखापत. मेडिकलला मुंबईला गेला, सोबत थोरला भाऊ. क्लिनिकमध्ये तपासणीचं टेबल उंच. हा स्वतः सरकून चढणार एवढ्यात भावाने नेहमीच्या मायेने त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं, आंघोळ? उत्तर भावानेच दिलं, ‘आम्ही आहोत ना, सगळं करतो.’ कपडे? ‘आई देते.’ आई कपाटातून काढून देत होती एवढाच त्याचा अर्थ. फॉर्मात रोजच्या कामांच्या रकान्यापुढे लिहिलं गेलं: मदतीवर अवलंबून. तोच मुलगा पर्वरीत भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा, स्वतः भात-आमटी करायचा, गाडी चालवायचा. यातलं काहीच कागदावर आलं नाही. तीन महिन्यांनी कॅनडाहून पत्र आलं: पुनर्वसन तज्ज्ञाचा अहवाल द्या, दीर्घकालीन देखभालीची गरज किती ते सांगा. फाइल पाच महिने अडली. शेवटी झालं काम, पण ते पाच महिने त्या घराने कसे काढले ते मी पाहिलं आहे. भाऊ माझ्यासमोर रडला.

तेव्हापासून माझ्या ऑफिसचा नियम: मेडिकलच्या आधी अहवाल. पुनर्वसन वैद्यकाच्या तज्ज्ञ डॉक्टरकडे जायचं. हाडांच्या डॉक्टरचा अहवाल हाडांबद्दल बोलतो, तो इथे अपुरा पडतो. गोव्यात लवकर वेळ मिळाली नाही तर पुणे किंवा मुंबई गाठायची. अहवालात दुखापतीची पातळी, ती स्थिर आहे का, गेल्या दोन वर्षांत किती वेळा भरती झालात, कोणती औषधं चालू आहेत, आणि रोजची कामं एकेक करून: पलंगावरून खुर्चीत स्वतः सरकतो, आंघोळ बाकावर बसून स्वतः करतो, लघवी दिवसातून पाच वेळा नळीने स्वतः काढतो, शौचाचा वेळ ठरलेला आहे, स्वयंपाक, गाडी, नोकरीचे तास. त्यासाठी एफआयएम नावाचं मोजमाप आहे, १८ कामं आणि प्रत्येकाला १ ते ७ गुण, एकूण १२६. ते करून घ्या. परदेशी वैद्यकीय अधिकारी हा आकडा ओळखतो. त्याच्याजवळ तुमच्याबद्दल दुसरं काही नसतं, कागद हेच तुमचं तोंड.

दोन जुने कागद मात्र घोटाळा करतात. पहिला, अपघातानंतरचं डिस्चार्ज कार्ड. त्यावर बहुधा ‘अंथरुणाला खिळलेला, पूर्णवेळ मदतनीस हवा’ असं काहीतरी असेल, कारण त्या महिन्यात ते खरंच होतं. ते लपवायचं नाही. नव्या अहवालात डॉक्टरांना एक वाक्य घालायला सांगायचं, की २०१७ ची स्थिती अशी होती आणि आजची अशी आहे. दुसरा कागद दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. समजा त्यावर ८० टक्के लिहिलंय. हे टक्के आपल्याकडच्या सवलतींसाठी, राजपत्रातल्या सूत्राने काढलेले असतात. २०१६ च्या कायद्यात ४० टक्क्यांची रेषा आहे, तिच्या वर की खाली एवढ्यासाठी. बाहेरचा माणूस ‘८० टक्के’ वाचतो आणि समजतो, याच्यात २०च टक्के उरलं. कोणी मागितला तर दाखला जरूर द्या, पण अहवालाशिवाय एकटा देऊ नका.

आणखी एक. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे प्रोफाइल टाकून गुणांवर निमंत्रण मिळवायच्या पद्धतीत, निमंत्रण आल्यावर पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात, आणि ऑगस्ट २०२५ पासून मेडिकल अर्जाच्या आधीच करून त्याचा पुरावा जोडावा लागतो. म्हणजे अहवालासाठी धावाधाव करायला तेव्हा वेळ नाही. प्रोफाइल टाकता टाकताच अहवाल तयार हवा. आणि कधी अवाजवी भाराची शंका घेणारं पत्र आलंच, तर उत्तराला साधारण ९० दिवस देतात. ते पत्र म्हणजे नकार नव्हे. त्यात त्यांनी धरलेला खर्च लिहिलेला असतो, आणि तो कलमवार खोडता येतो.

आता तुमच्या एजंटबद्दल. त्याचं ऐकू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. कॅलिपर लावून दोन मिनिटं उभं राहिल्याने मणक्याच्या शस्त्रक्रियेचा व्रण जात नाही, छातीच्या एक्स-रेत पाठीतले स्क्रू दिसायचे राहत नाहीत. समजा त्या दिवशी निभावलं, तरी फॉर्ममध्ये गेल्या दहा वर्षांचा महिन्या-महिन्याचा इतिहास मागतात, एकही महिना कोरा चालत नाही. तुमचे उपचारांतले १४ महिने तिथे काय म्हणून लिहिणार? कंपनीचं पत्र एक सांगेल, पीएफचा उतारा दुसरं. कागदाला कागद जुळला नाही की अधिकारी खोलात जातो, आणि खोटं उघडं पडलं की कॅनडाचे दरवाजे पाच वर्षं बंद. ऑस्ट्रेलियात अशा प्रकाराला तीन वर्षांची बंदी, ब्रिटनमध्ये दहा. तीही अशा गोष्टीसाठी, जी सरळ सांगितली असती तर बहुधा अडलीच नसती! त्या महिन्यांपुढे ‘अपघात, उपचार व पुनर्वसन’ असं लिहायचं. त्यासाठी गुण कापत नाहीत.

शिवाय पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचा सल्ला द्यायला तिथला परवानाधारक सल्लागार किंवा वकील लागतो. सल्लागारांची यादी त्यांच्या नियामक संस्थेच्या, म्हणजे ‘कॉलेज’च्या वेबसाइटवर नावाने शोधता येते. एजंटचं नाव त्यात आहे का ते आजच पाहा. त्याने तुमच्या नावाने प्रोफाइल उघडलं असेल तर लॉगिन आणि पासवर्ड मागून घ्या आणि त्यात काय काय भरलंय ते ओळ न ओळ वाचा. सही तुमची, जबाबदारीही तुमचीच.

गुणांचं बोलू, कारण माझ्या मते तुमची खरी अडचण तिथे आहे, मेडिकलमध्ये नाही. जोडीदारासह अर्ज केला तर वयाचे कमाल गुण १००, ते २९ व्या वर्षापर्यंत. पुढे तिशीत प्रत्येक वाढदिवसाला ५ कमी होतात. तुमचे आज ८०, पत्नीचे १००. म्हणून मुख्य अर्जदार तिला करून दोन्हीकडून गुण मोजून बघा. तिच्या नावाने बेरीज जास्त येत असेल तर अर्ज तिचा, तुम्ही सोबत. पण ‘ती एकटी पुढे जाईल, माझं नाव नंतर घालू’ असं कोणी सुचवलं तर थांबा. सोबत येणारा असो वा नसो, पती-पत्नी आणि अवलंबून असलेली मुलं दाखवावीच लागतात, त्यांची तपासणीही होते, आणि एकाच्या कारणावरून सगळ्यांचा अर्ज अडू शकतो. जोडीदाराला नंतर प्रायोजित करताना अवाजवी भाराचं कलम लागत नाही हे खरं, पण पहिल्या अर्जात नाव दडवलं असेल तर तो रस्ताच बंद होऊ शकतो.

इंग्रजीत आयईएलटीएसला लिसनिंग ८ आणि बाकी तिन्हींत ७ हे लक्ष्य ठेवा, तिथून गुण एकदम वर उडी घेतात. परीक्षाकेंद्रात व्हीलचेअरची सोय किंवा मध्ये नळीसाठी सुटी हवी असेल तर नोंदणीच्या वेळीच मागायची, ती देतात. गोव्यातल्या शाळांत तिसरी भाषा म्हणून फ्रेंच असते. तुमच्यापैकी कोणी घेतली होती का? चारही कौशल्यांत कॅनडाच्या मोजपट्टीवरची पातळी ७ गाठली तर ५० पर्यंत जादा गुण आहेत आणि फ्रेंचवाल्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात, त्यांचा कटऑफ बराच खाली असतो. वर्ष-दीड वर्षाची मेहनत आहे, पण तुम्हाला दिवसभर टेबलावर बसायची सवय आहे, तुम्ही करू शकाल असं मला वाटतं.

एका बाबीकडे लक्ष द्या. अपघातानंतर परत घेताना काही कंपन्या माणसाला कागदोपत्री ‘ऑफिस असिस्टंट’ करून टाकतात आणि काम मात्र डिझाइनचंच करून घेतात. तुमच्या नेमणूकपत्रावर काय आहे? अनुभवपत्रात हुद्दा, तासांची संख्या, पगार आणि प्रत्यक्ष कामं हे सगळं लागतं. हुद्दा चुकला असेल तर एचआरशी आताच बोला. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कोणी दुरुस्त करून देत नाही.

इतर देशांचंही विचारलं आहे, म्हणून माझं मत सांगते. ऑस्ट्रेलियात गुणांवरच्या १८९ आणि १९० या व्हिसांकडे तुमच्या जागी मी गेले नसते. तिथे मर्यादा १ जुलै २०२४ पासून ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, पण ती पूर्ण मुदतीची, वर्षाची नव्हे. आणि तिथला डॉक्टर तुमच्याकडे पाहतच नाही असं म्हटलं तरी चालेल. तो ‘अशाच दुखापतीची, इतकीच तीव्रता असलेली कोणतीही व्यक्ती’ डोळ्यांसमोर धरून हिशेब करतो. त्यात अपंगांसाठीची त्यांची राष्ट्रीय विमा योजनाही धरतात. ‘मी ती सेवा घेणार नाही, माझा खर्च मी करेन’ हे म्हणणं ऐकलं जात नाही. त्या दोन्ही व्हिसांत सूट नाही, आणि घरातला एक अडला की सगळे अडतात. कंपनीने प्रायोजित केलेल्या ४८२ सारख्या व्हिसात मात्र सूट मागता येते. एखादी कंपनी स्वतःहून तयार असेल तरच त्या वाटेला जा. न्यूझीलंडची पद्धत बरीचशी तशीच. २०२२ मध्ये मर्यादा ४१,००० वरून ८१,००० न्यूझीलंड डॉलर केली, पण तीही वार्षिक नाही.

ब्रिटनला असा खर्चाचा हिशेबच नाही. भारतातून जाणाऱ्याची क्षयरोगाची तपासणी होते आणि आरोग्याचा अधिभार आधीच भरावा लागतो, माणशी वर्षाला १,०३५ पौंड. नोकरीचा प्रस्ताव मिळण्यापूर्वी कंपनीने प्रकृतीचे प्रश्न विचारू नयेत असा तिथला समानतेचा २०१० चा कायदा सांगतो. अडचण पगाराची आहे. जुलै २०२५ पासून किमान ४१,७०० पौंडांची अट आहे, आणि अपंगत्वाचे भत्ते स्थायिक होईपर्यंत मिळत नाहीत.

जर्मनीचा विचार मात्र तुम्ही मनापासून करावा असं मला वाटतं. तिथे नोकरीच्या व्हिसाला अवाजवी भार नावाची कसोटी नाही. सरकारी आरोग्य विमा जुनं दुखणं पाहून नकार देत नाही. ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यासाठी, २०२५ मध्ये पगाराची अट ४८,३०० युरो, अभियंत्यांसारख्या टंचाईच्या व्यवसायांना ४३,७५९ युरो ८० सेंट. पोहोचल्यावर तिथल्या कार्यालयात अर्ज केला की ते स्वतःच्या पद्धतीने अपंगत्वाची श्रेणी ठरवतात, आपले टक्के तिथे चालत नाहीत. श्रेणी ५० किंवा वर आली तर वर्षाला पाच दिवस जादा पगारी रजा आणि नोकरीला विशेष संरक्षण मिळतं. २० किंवा अधिक माणसांच्या कंपनीला ५ टक्के जागा अशा कामगारांना द्याव्या लागतात, नाहीतर दंडासारखी रक्कम भरावी लागते. म्हणजे तुमची ती श्रेणी तिथल्या मालकाच्या फायद्याची. मशीन डिझाइन हे तर त्यांचं घरचं काम. जर्मन भाषा मात्र मनापासून शिकावी लागेल, पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनच्या परीक्षा आपल्याला सगळ्यांत सोयीच्या.

आता मावसभावाचा सल्ला. तो त्याच्या काळात बरोबर होता. पोर्तुगीज पासपोर्टवर हजारो गोंयकार ब्रिटनला गेले, पण ती वाट ३१ डिसेंबर २०२० ला संपली. आज त्या पासपोर्टवर नव्याने ब्रिटनमध्ये नोकरी करता येत नाही. युरोपीय संघातल्या देशांत येते, आणि तिथे अपंगत्वावरून कोणी अडवत नाही, हा त्याचा मोठा गुण. तुमचे वडील १९५८ साली गोव्यात जन्मले असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होण्याच्या आधी. तेव्हा त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवून, मग आईवडिलांचं लग्न, मग तुम्ही, अशी साखळी धरता येते. पण एकेका कागदावर आजोबांचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं निघतं आणि वर्षं जातात. त्याहून महत्त्वाचं, परकी नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. साखळीची सुरुवात वडिलांच्या सहीने होते, म्हणून त्यांच्या नागरिकत्वाचा, मतदानाचा, शेतजमिनीचा, पेन्शनचा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहू शकतो. मुलाला वाट मोकळी व्हावी म्हणून बाप हसत सही करतो, हे मी अनेकदा पाहिलंय. सही करण्याआधी त्यांना वकिलाकडे स्वतंत्र बसवा. तुम्हाला मिळणारं दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मानधनही गोव्यातल्या वास्तव्याशी बांधलेलं आहे, ते कोणत्याही वाटेने गेलात तरी थांबेल. त्याचा हिशेब आधी करा.

शेवटी कॅनडाला जाण्याची तयारी, कारण व्हिसा मिळालेली माणसं इथे फसतात. पहिले तीन महिने प्रांताचं आरोग्य कार्ड हातात यायला, डॉक्टर मिळायला जातात. काही प्रांतांत वाटच पाहावी लागते, ओंटारियोत २०२० पासून ती अट नाही. दिवसाला लघवीच्या पाच नळ्या धरल्या तर तीन महिन्यांना ४५०, वर थोड्या जादा, इथूनच न्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि अर्ध्या हातातल्या बॅगेत ठेवा. खुर्ची विमानात वेगळे पैसे न देता जाते, पण गादी आणि पाय ठेवायच्या पट्ट्या काढून स्वतःजवळ घ्या, त्या हरवतात. ओंटारियोत नवी खुर्ची घेताना सरकारी योजनेतून ७५ टक्के खर्च मिळू शकतो, म्हणून इथून घाईने महागडी खुर्ची घेऊन जाऊ नका. घर शोधताना ‘व्हीलचेअर चालेल’ या शब्दावर विसंबू नका. न्हाणीघराच्या दाराची रुंदी सेंटिमीटरमध्ये मागा, फोटोत मोजपट्टी धरून. बर्फात पुढची छोटी चाकं रुततात, त्यामुळे पहिला हिवाळा ऑफिसजवळ, बसच्या किंवा मेट्रोच्या दाराशी घर असेल असा बघा. भाडं जास्त पडलं तरी.

तुमच्या आईंनी प्रश्नाच्या खाली एक ओळ लिहायला लावली होती: ‘आमच्या पुताक थंय कोण पळयतलो?’ (आमच्या मुलाकडे तिथे कोण बघणार?) त्यांना सांगा, अहवालासाठी तुम्ही डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्याही बरोबर येऊ देत. डॉक्टर एकेक काम विचारतील आणि तुम्ही एकेक उत्तर द्याल, ते त्यांनी समोर बसून ऐकावं. आणि मुंबईला मेडिकलला जाल तेव्हा टेबल कितीही उंच असलं तरी सोबतच्या माणसाला दोन पावलं मागे उभं करा आणि स्वतः चढा. वेळ लागला तर लागू दे, डॉक्टरांना बघू दे.